ग्रह आठ कीं नऊ ?

“आम्हीं शाळेंत असतांना नऊ ग्रह पाठ केले. आतां मुलगा घरीं येऊन सांगतो कीं, ग्रह आठच आहेत. उद्यां त्याच्या मुलाला कोणी सात सांगेल. मग हें पाठ करावयाचें तरी कशाला ?” असा प्रश्न एका पालकांनीं मध्यंतरीं थट्टेनें विचारला. प्रश्न थट्टेचा असला, तरी त्याच्या पोटीं एक गंभीर शंका आहे. जें पुस्तक आज एक सांगतें व उद्यां दुसरें सांगतें, त्यावर विश्वास कां ठेवावा ? ज्या विद्यार्थ्याच्या मनांत ही शंका कधींच येत नाहीं तो पुस्तक नुसतें घोकतो. ज्याच्या मनांत ती येते त्याला तिचें नीट उत्तर मिळालें पाहिजे. तें देण्याचा प्रयत्न या लेखांत केला आहे. त्यासाठीं सूर्यमालेंतील एका चिमुकल्या गोलाची हकीकत प्रथम सांगणें अवश्य आहे. कारण जो प्रसंग २००६ सालीं प्लूटोवर आला, तोच या गोलावर दीडशें वर्षांपूर्वींच येऊन गेला होता.

परंतु आधीं शब्दाकडे पाहूं. ‘ग्रह’ या शब्दाचा अर्थ २००६ सालीं पहिल्यानेंच बदलला असें नाहीं. आपल्या जुन्या ज्योतिषांतील नवग्रहांत सूर्य आणि चंद्र आहेत, राहु आणि केतु आहेत. पण ज्या पृथ्वीवर आपण उभे आहों तिचें नांव त्यांत नाहीं. ग्रीक लोकांनीं ग्रहांना जो शब्द योजला त्याचा अर्थ ‘भटकणारा’ असा होता. स्थिर ताऱ्यांमधून जो आपली जागा बदलीत जातो तो ग्रह, ही व्याख्या डोळ्यांना दिसणाऱ्या आकाशापुरती बरोबरच होती. पुढें १५४३ सालीं कोपर्निकस यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पृथ्वीसह सर्व ग्रह सूर्याभोवतीं फिरतात हें जेव्हां हळूहळू सर्वमान्य झालें, तेव्हां सूर्य व चंद्र यादींतून गेले आणि पृथ्वी यादींत आली. त्यामुळें सूर्याचें तेज कमी झालें नाहीं, कीं पृथ्वीची गति वाढली नाहीं. बदलली ती आपली समजूत.

आतां त्या चिमुकल्या गोलाकडे वळूं. अठराव्या शतकांत ज्योतिर्विदांना ग्रहांच्या अंतरांत एक नियम असल्यासारखें दिसूं लागलें. ०, ३, ६, १२, २४, ४८ असे आंकडे मांडून प्रत्येकांत ४ मिळवावे. म्हणजे ४, ७, १०, १६, २८, ५२ अशी मालिका होते. पृथ्वीचें सूर्यापासूनचें अंतर १० मानलें, तर बुधाचें सुमारें ४, शुक्राचें ७, मंगळाचें १५ व गुरूचें ५२ येतें. २८ ची जागा मात्र रिकामी होती. १७८१ सालीं विल्यम हर्शेल यांनीं युरेनस शोधून काढला. त्याचें अंतर १९२ निघालें आणि मालिकेंतील आंकडा १९६ होता. तेव्हां या नियमावरील श्रद्धा दृढ झाली, व मंगळ आणि गुरु यांच्यामध्यें एक ग्रह दडून बसला असला पाहिजे, असें पुष्कळांस वाटूं लागलें. कांहीं ज्योतिर्विदांनीं तर आकाशाचे भाग आपसांत वांटून घेऊन शोध करण्याचा बेत केला.

परंतु यश आलें तें या मंडळींपैकीं कोणास नव्हे, तर ज्याला त्यांचें निमंत्रणही पोंचलें नव्हतें अशा एका गृहस्थास. सिसिली बेटांतील पालेर्मो येथील वेधशाळेंत जुझेप्पे पिआझी नांवाचे एक धर्मगुरु ताऱ्यांची यादी तयार करीत होते. एकाच ताऱ्याचा वेध अनेक रात्रीं घ्यावयाचा व मगच तो यादींत लिहावयाचा, असा त्यांचा शिरस्ता होता. १ जानेवारी १८०१ च्या रात्रीं वृषभ राशींत त्यांना एक मंद तारा दिसला. दुसऱ्या रात्रीं पाहतात, तों त्याची जागा किंचित् सरकलेली ! पहिल्या रात्रीं आपलीच चूक झाली असावी, असें त्यांना वाटलें. तिसऱ्या रात्रीं तो आणखी सरकला. तेव्हां हा तारा नव्हे, अशी त्यांची खात्री झाली. ११ फेब्रुवारीपर्यंत त्यांनीं त्याचे वेध घेतले; नंतर ते आजारी पडले. त्यांचीं पत्रें इतर देशांतील विद्वानांच्या हातीं पडून शोध सुरू होण्यापूर्वींच तो गोल सूर्याच्या तेजांत लुप्त झाला होता. कांहीं महिन्यांनीं तो पुन्हा दिसावयाचा खरा, पण एवढ्या अफाट आकाशांत त्यास शोधावें कोठें ?

या अडचणींतून मार्ग काढला तो कार्ल फ्रीडरिख गाउस या चोवीस वर्षांच्या जर्मन गणितज्ञानें. पिआझी यांनीं केलेले वेध अवघ्या एक्केचाळीस दिवसांचे होते. आकाशांतील त्याच्या मार्गाचा तो अगदींच लहानसा तुकडा होता. तेवढ्यावरून संपूर्ण मार्ग काढण्याची नवी रीत गाउस यांनीं बसविली आणि तो गोल कोठें दिसेल हें सांगितलें. १८०१ सालच्या शेवटच्या रात्रीं तो त्या जागेच्या अगदीं जवळ पुन्हा दिसला. दुर्बिणीला जो हरवला होता, तो कागद व लेखणी यांनीं सांपडविला. पिआझी यांनीं त्याला सिसिलीची रक्षणकर्ती मानल्या जाणाऱ्या रोमन धान्यदेवतेचें नांव दिलें, तें सीरीज. त्याचें अंतर २७·७ निघालें. मालिकेंतील रिकामी जागा भरली, ग्रहांची संख्या वाढली, आणि सर्वत्र आनंद झाला.

हा आनंद फार दिवस टिकावयाचा नव्हता. १८०२ सालीं ऑल्बर्स यांना जवळजवळ त्याच अंतरावर दुसरा गोल सांपडला, तो पॅलस. १८०४ सालीं हार्डिंग यांना ज्यूनो व १८०७ सालीं पुन्हां ऑल्बर्स यांनाच व्हेस्टा सांपडला. एका आसनावर चार राजे येऊन बसले ! मोठ्या दुर्बिणींतूनही हे गोल ताऱ्यांसारखे नुसत्या बिंदूएवढेच दिसत. म्हणून हर्शेल यांनीं त्यांस ‘ताऱ्यासारखे’ या अर्थाचें निराळें नांव सुचविलें. आपण त्यांस लघुग्रह म्हणतों. तथापि शाळेच्या पुस्तकांतून कित्येक वर्षें हे चौघे ग्रह म्हणूनच छापले जात होते व त्या काळचीं मुलें तीं नांवें पाठ करीत होतीं. पुढें १८४५ सालीं हेंके नांवाच्या टपालखात्यांतील एका जर्मन गृहस्थांनीं पंधरा वर्षांच्या चिकाटीनंतर पांचवा लघुग्रह शोधला, आणि मग जणूं बांध फुटला. आपल्या देशांतही या शोधाचें काम झालें. मद्रास येथील वेधशाळेंतून नॉर्मन पॉग्सन यांनीं १८६१ सालच्या एप्रिलमध्यें एक लघुग्रह शोधला. आशिया खंडांतून सांपडलेला तो पहिलाच, म्हणून त्याचें नांवही ‘एशिया’ असेंच ठेवण्यांत आलें. १८६८ सालीं शंभरावा लघुग्रह नोंदला गेला. इतक्या ग्रहांचीं नांवें कोणत्या मुलानें पाठ करावीं ? शेवटीं सीरीज व त्याचीं भावंडें ग्रहांच्या यादींतून निमूटपणें काढून टाकण्यांत आलीं. ज्या नियमानें ही सर्व शोधाशोध सुरू झाली होती तोही दरम्यान मोडला होता. १८४६ सालीं नेपच्यून सांपडला. नियमाप्रमाणें त्याचें अंतर ३८८ यावयास पाहिजे होतें, तें निघालें ३०१. आज अशा लघुग्रहांची नोंदलेली संख्या दहा लक्षांहून अधिक आहे.

आतां प्लूटोची हकीकत ऐका, म्हणजे दोहोंतील साम्य आपोआप ध्यानांत येईल. अमेरिकेंतील कॅन्सस प्रांतांत शेतकऱ्याच्या घरीं वाढलेला क्लाइड टॉम्बॉ नांवाचा तरुण घरीं बनविलेल्या दुर्बिणींतून ग्रहांचीं चित्रें काढीत असे. तीं चित्रें पाहून अ‍ॅरिझोनांतील लॉवेल वेधशाळेनें त्यास कामावर घेतलें. नेपच्यूनच्या पलीकडील ग्रह शोधण्यासाठीं आकाशाच्या एकाच भागाचीं, कांहीं दिवसांच्या अंतरानें घेतलेलीं दोन छायाचित्रें आळीपाळीनें पाहावयाचीं व कोणता ठिपका हलला तें शोधावयाचें, हें त्याचें काम. प्रत्येक चित्रावर ठिपके असत हजारों. १८ फेब्रुवारी १९३० रोजीं, जानेवारीच्या २३ व २९ तारखांस घेतलेल्या दोन चित्रांत त्याला असा एक हलणारा ठिपका सांपडला. पिआझी यांनीं जें डोळ्यांनीं केलें होतें, तेंच येथें छायाचित्रांनीं केलें गेलें. नव्या ग्रहास प्लूटो हें नांव सुचविलें तें इंग्लंडांतील ऑक्सफर्ड येथील व्हेनिशिया बर्नी या अकरा वर्षांच्या शाळकरी मुलीनें. तिनें तें सकाळच्या न्याहारीच्या वेळीं आपल्या आजोबांस सांगितलें, व आजोबांनीं तें ज्योतिर्विदांच्या कानांवर घातलें.

प्लूटो पृथ्वीएवढा जड असावा, असा आरंभीं समज होता. जसजशीं साधनें सुधारलीं, तसतसा हा अंदाज घटत गेला. १९७८ सालीं त्याचा कॅरन नांवाचा उपग्रह सांपडला आणि त्याच्या गतीवरून प्लूटोचें वजन नक्की करतां आलें. पृथ्वीच्या वजनाचे साडेचारशें भाग केले, तर त्यांतील एका भागाएवढेंही तें भरत नाहीं. पृथ्वी एका मोठ्या नारळाएवढी मानली, तर चंद्र लिंबाएवढा, प्लूटो लहान आवळ्याएवढा व सीरीज हरभऱ्याच्या दाण्याएवढा होईल. प्लूटोचा व्यास सुमारें २,३७७ किलोमीटर आहे आणि सीरीजचा सुमारें ९४०.

लहानपणा हाच एक दोष असता, तर कदाचित् प्लूटोचें स्थान टिकलें असतें; परंतु त्याचेही सोबती निघाले. १९९२ सालीं डेव्हिड ज्युइट व जेन लू यांना हवाई बेटावरील वेधशाळेंतून नेपच्यूनपलीकडे फिरणारा दुसरा एक लहान गोल सांपडला, आणि पुढील वर्षांत अशा गोलांची संख्या शेंकड्यांनीं वाढली. २००५ सालीं तर प्लूटोच्याच तोलाचा एक गोल उजेडांत आला. तो आकारानें प्लूटोहून किंचित् लहान, पण वजनानें चतुर्थांशानें अधिक आहे, हें मागाहून ठरलें. त्यास ग्रीक कलहदेवतेचें नांव मिळालें, तें एरिस. आणि तें सार्थही झालें. कारण आतां प्रश्न टाळतां येईना. प्लूटो ग्रह असेल तर एरिसही ग्रह. आणि एरिस ग्रह असेल तर पुढें येणारे असे आणखी किती?

२४ ऑगस्ट २००६ रोजीं प्राग शहरीं भरलेल्या आंतरराष्ट्रीय ज्योतिर्विद् संघाच्या सभेनें सूर्यमालेंतील ग्रहांसाठीं तीन अटी ठरविल्या. पहिली अट ही कीं, तो सूर्याभोवतीं फिरणारा असावा. दुसरी अट, तो गोल असावा. दगडाचा लहान तुकडा वेडावांकडा राहूं शकतो. परंतु पुरेसें वस्तुमान एकत्र आलें, म्हणजे तें स्वतःच्याच आकर्षणानें सर्व बाजूंनीं आंत ओढलें जाऊन वाटोळें होतें. तिसरी अट ही कीं, त्यानें आपल्या मार्गाच्या आसपासचा प्रदेश मोकळा केलेला असावा. म्हणजे त्या वाटेवर त्याचेंच वर्चस्व असावें. पृथ्वी या तिन्ही कसोट्यांस उतरते. सीरीज व प्लूटो पहिल्या दोन कसोट्यांस उतरतात, पण तिसरीस नाहीं. कारण एक लक्षावधि लघुग्रहांच्या मेळ्यांतून चालतो व दुसरा नेपच्यूनपलीकडील हिमगोलांच्या मेळ्यांतून. अशा गोलांना बटुग्रह हें नांव मिळालें. सीरीज लघुग्रह म्हणविला जात होता, तो एक पायरी वर चढला; प्लूटो ग्रह म्हणविला जात होता, तो एक पायरी खालीं उतरला; आणि दोघेही एकाच पंक्तीस येऊन बसले. एरिस त्यांच्याच शेजारीं बसला, व २००८ सालीं माकेमाके आणि हौमेआ हे दोघे त्यांस येऊन मिळाले. हा निर्णय सर्वांनाच पटला असें मात्र नाहीं. तिसरी अट मान्य नसलेले विद्वान् आजही आहेत. पण एक गोष्ट ध्यानांत ठेवावी : सभेनें मतें घेऊन ठरविला तो शब्दाचा अर्थ. प्लूटोचा व्यास किती, हें कोणत्याही सभेला मतांनीं ठरवितां येत नाहीं. तो मोजावाच लागतो.

आणि मोजणारे थांबले नव्हते. नांवाचा वाद चालू असतांना दोन यानें आकाशांत मार्ग आक्रमीत होतीं. ‘डॉन’ हें यान ६ मार्च २०१५ रोजीं सीरीजच्या कक्षेंत शिरलें. तेथील ऑकेटर नांवाच्या सुमारें ९२ किलोमीटर रुंदीच्या विवरांत त्याला शुभ्र, चकाकणारे डाग दिसले. तपासाअंतीं ते मुख्यतः सोडियम कार्बोनेटचे, म्हणजे ज्यास आपण धुण्याचा सोडा म्हणतों त्याचे निघाले. पृष्ठभागाखालचें खारें पाणी वर येऊन उडून गेलें व क्षार मागें राहिला, असा त्याचा अर्थ. ज्याला दगडाचा गोळा समजत होतों त्याच्या पोटांत पाणी निघालें ! दुसरें यान ‘न्यू होरायझन्स’. तें १९ जानेवारी २००६ रोजीं निघालें तेव्हां प्लूटो ग्रह होता. १४ जुलै २०१५ रोजीं तें त्याच्याजवळून गेलें तेव्हां तो बटुग्रह झाला होता. यानाला त्याचें सोयरसुतक नव्हतें. गोठलेल्या नायट्रोजनचें विस्तीर्ण मैदान आणि पाण्याच्या बर्फाचे उंच डोंगर यांचीं चित्रें त्यानें पाठविलीं; तीं पृथ्वीवर पोंचावयास प्रकाशाच्या वेगानेंही सुमारें साडेचार तास लागत होते. १९९७ सालीं निधन पावलेल्या टॉम्बॉ यांच्या रक्षेचा अंश या यानांत ठेवलेला होता.

लहान म्हणून या गोलांकडे दुर्लक्ष करणें कसें चुकीचें आहे, हें समजण्यास आपल्याला महाराष्ट्राबाहेर जावें लागत नाहीं. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर पुष्कळांनीं पाहिलें असेल. सुमारें १·८ किलोमीटर रुंदीचा तो वाटोळा खळगा ज्वालामुखीचें मुख असावें, असें पूर्वीं मानीत. परंतु तेथील खडकांचें परीक्षण करतां, प्रचंड आघातानेंच बनूं शकतील अशा कांचेसारख्या वस्तु त्यांत आढळल्या. आणि १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें हा खळगा आकाशांतून पडलेल्या वस्तूच्या आघातानें झाला, हें निश्चित झालें. येथेंही नांव बदललें, सरोवर तेंच राहिलें. योगायोग असा कीं, लोणारच्या खाऱ्या पाण्यांतही तोच सोड्याचा क्षार आहे. १५ फेब्रुवारी २०१३ रोजीं रशियांतील चेल्याबिन्स्क शहरावर सुमारें २० मीटर व्यासाचा एक तुकडा वातावरणांत फुटला, तेव्हां हजाराहून अधिक माणसें जखमी झालीं. बहुतेकांस इजा झाली ती खिडक्यांच्या फुटलेल्या कांचांनीं. अशा संकटांचें निवारण करतां येईल काय, हें पाहण्यासाठीं २६ सप्टेंबर २०२२ रोजीं ‘डार्ट’ नांवाचें यान डायमॉर्फस या एका लहानशा गोलावर मुद्दाम आपटविण्यांत आलें. तो गोल आपल्याहून मोठ्या एका लघुग्रहाभोवतीं ११ तास ५५ मिनिटांत फेरी करीत असे. ही वेळ अर्ध्या तासाहून अधिक कमी झाली. ज्यांना आपण क्षुद्र म्हणून यादींतून काढलें, त्यांच्यावर पाळत ठेवणें हें आज मोठें महत्त्वाचें काम होऊन बसलें आहे.

आतां पालकांच्या प्रश्नाकडे परत येऊं. शास्त्राच्या पुस्तकांत तीन प्रकारचीं वाक्यें असतात. पहिला प्रकार, पाहिलेली व मोजलेली गोष्ट. दुसरा, त्यावरून केलेलें अनुमान. तिसरा, सोयीसाठीं दिलेलें नांव. पिआझी यांचे वेध पहिल्या प्रकारांतील. ते दोन शतकें उलटलीं तरी खोटे ठरले नाहींत. अंतरांचा तो नियम आणि प्लूटोच्या वजनाचा पहिला अंदाज, हीं अनुमानें. अधिक चांगले वेध मिळतांच तीं मागें घेण्यांत आलीं. ‘ग्रह’ व ‘बटुग्रह’ हीं नांवें. तीं समजूत वाढेल तशीं बदलतात. जो आपलें अनुमान चुकलें असें स्वतः होऊन सांगतो, त्याच्यावरचा विश्वास कमी व्हावा कीं वाढावा ? व्यवहारांत आपण अशा माणसालाच प्रामाणिक म्हणतों. मग पुस्तकाला निराळा न्याय कां लावावा?

यास्तव पालकांस नम्रपणें सांगावेंसें वाटतें कीं, आपण पाठ केलेल्या नऊ गोलांपैकीं एकही आकाशांतून नाहींसा झालेला नाहीं. आपण जितके शिकलां त्याहून आपलें मूल थोडें पुढचें शिकत आहे, आणि त्याचें मूल त्याहून पुढचें शिकेल. विद्यार्थ्यांनीं मात्र ‘आठ’ हें उत्तर देऊन वडिलांना गप्प करण्यांत धन्यता मानूं नये. आठ कां, हें ज्याला सांगतां येत नाहीं त्याच्या ‘आठा’ला वडिलांच्या ‘नवां’हून अधिक किंमत नाहीं.

आणि पिआझी यांचें काम स्वतः करून पाहण्यास दुर्बीणही लागत नाहीं. मंगळ रात्रीं दिसत असेल त्या महिन्यांत, आठवड्यांतून एकदां, अंगणांत किंवा गच्चीवर उभें राहून त्याच्या भोंवतालच्या ताऱ्यांचें चित्र एका कागदावर काढावें व त्यावर तारीख घालावी. चार कागद झाले, म्हणजे ते शेजारीं शेजारीं मांडावे. सारे तारे आपापल्या जागीं असतील. एक ठिपका मात्र सरकलेला दिसेल. त्या ठिपक्याला काय म्हणावें, याचा वाद मागाहून घालावा. तो सरकला, हें तुमच्या डोळ्यांनीं पाहिलेलें ज्ञान आहे, व तें कोणीही तुमच्यापासून काढून घेऊं शकणार नाहीं. चित्र काढतांना वडिलांनाही बरोबर घ्यावें. कंदील धरावयास कोणी तरी लागतोच.